ससा सोडा, पांढरा भाग बघा

पुढच्या पौर्णिमेला गच्चीत जाऊन चंद्राकडे नीट बघा. लहानपणी आपल्याला ससा दाखवतात ना, तो काळा भाग आणि आजूबाजूचा पांढुरका भाग, हे दोन वेगळे खडक आहेत. भाव सगळा ससा खाऊन जातो, पण खरी स्टोरी पांढऱ्यात आहे.

सशाचं पटकन उरकतो. तो बसाल्ट, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्याच जातीचा. मोठ्या धडकांनी खड्डे पडले, नंतर आतून लाव्हा येऊन ते भरले. बहुतेक लाव्हा ३०० ते ४०० कोटी वर्षांपूर्वीचा.

आता पांढरा. १९६९ मध्ये अपोलो ११ उतरलं काळ्या भागात. पण तिथून आणलेल्या मातीत पांढरे कण मिळाले, अनॉर्थोसाइटचे. दूरच्या डोंगराळ भागातून उडून आलेले. जॉन वुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विचार केला, की हा खडक ज्या खनिजाचा बनलाय ते हलकं आहे. वितळलेल्या दगडात ते वर तरंगणार, जड खनिजं तळाशी जाणार. तापलेल्या दुधावर साय धरते तसंच. पण अख्ख्या चंद्रावर साय धरायची, तर चंद्र शेकडो किलोमीटर खोल वितळलेला हवा!

एवढी उष्णता कुठून आली? सुमारे ४५० कोटी वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक गोळा पृथ्वीवर आदळला आणि उडालेल्या मलब्यातून चंद्र झाला, असं मानतात. गोळ्याचं नाव थिया. यात एक बग आहे. जुनी सिम्युलेशन्स सांगायची की चंद्रात जास्त माल थियाचा असणार. पण ऑक्सिजनचे आयसोटोप बघितले तर चंद्र आणि पृथ्वी जवळपास सारखेच. कोड रन होतोय, आउटपुट जुळत नाही! त्यावर अजून वाद चालू आहेत.

साईच्या थिअरीचीही एक अडचण होती. अपोलो आणि रशियाच्या लुना यानांनी आणलेले नमुने चंद्राच्या मधल्या पट्ट्यातले. एकाच शहरात टेस्टिंग करून अ‍ॅप देशभर चालतं म्हणण्यासारखं. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरलं ते ६९ अंश दक्षिणेला. प्रज्ञान रोव्हरवर अहमदाबादच्या पीआरएलचं एक यंत्र होतं. ते मातीवर किरणं सोडतं आणि परत येणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यं ओळखतं. शंभरेक मीटरच्या प्रवासात २३ ठिकाणी मोजलं. ऑगस्ट २०२४ मध्ये 'नेचर'मध्ये निकाल आला: माती अनॉर्थोसाइटशी जुळणारी. साय तिथेही होती, बॉस!

फक्त मॅग्नेशियम अपेक्षेपेक्षा जास्त निघालं. टीमचा अंदाज असा की जवळच्या साउथ पोल-एटकेन खोऱ्यातून, त्या महाप्रचंड धडकेत, खोलवरचा माल उडून इथे पडला असावा. म्हणजे साईखालचं दूध! चीनच्या चांग-ई-६ ने जून २०२४ मध्ये त्याच खोऱ्यातून जवळपास दोन किलो माती पृथ्वीवर आणलीये. आणि आपलं चांद्रयान-४ मंजूर झालंय, तेही माती घेऊन येणार आहे.