एकाक्ष नट : पीटर फॉक

नटाला रूप हवें, आवाज हवा, स्मरणशक्ति हवी, असें आपण ऐकतों. डोळे दोन हवेत ही अट कोणी बोलून दाखवीत नाहीं. एका अमेरिकन नटाच्या बाबतींत मात्र ती स्पष्ट बोलून दाखविण्यांत आली. हॉलिवुडच्या कोलंबिया चित्रसंस्थेनें पीटर फॉक या तरुणाची पडद्यावरील चांचणी घेतली, आणि संस्थेचे अध्यक्ष हॅरी कोन यांनीं, तेवढ्याच पैशांत दोन डोळ्यांचा नट मिळूं शकतो, या अर्थाचा अभिप्राय दिला. ही हकीकत फॉक यांनींच पुढें सांगितलेली आहे, आणि सांगतांना त्यांच्या बोलण्यांत कडवटपणा नसे.

फॉक यांचा जन्म १६ सप्टेंबर १९२७ रोजीं न्यूयॉर्क शहरीं झाला. तीन वर्षांचे असतांना त्यांच्या उजव्या डोळ्यांत कर्करोगाची गांठ आढळली व शस्त्रक्रिया करून तो डोळा काढावा लागला. तेव्हांपासून त्या जागीं कांचेचा डोळा बसला. ऑसिनिंग या गांवीं त्यांच्या आईबापांचें दुकान होतें; तेथें हा मुलगा वाढला. कांचेच्या डोळ्याची त्याला वाटणारी लाज मैदानी खेळांनीं घालविली. एकदां बेसबॉलच्या सामन्यांत पंचानें त्याला बाद ठरविलें. निकाल उघड चुकीचा वाटल्यामुळें त्यानें कांचेचा डोळा काढून पंचापुढें धरला आणि हा लावून पाहा, असें सुचविलें! या गोष्टीला थोडें तिखटमीठ लागलेलें असेलहि, पण माणसाचा स्वभाव तींत पुरता उतरला आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस एका डोळ्यामुळें त्यांना सैन्यांत घेतलें नाहीं. मग ते व्यापारी जहाजावर आचारी झाले. तेथें आचाऱ्याचे डोळे कोणी मोजीत नव्हतें. पुढें शिक्षण पुरें करून १९५३ सालीं त्यांनीं सिरॅक्यूज विद्यापीठाची लोकप्रशासनाची उच्च पदवी घेतली आणि कनेटिकट संस्थानच्या अंदाजपत्रक खात्यांत, हार्टफर्ड येथें, नोकरी धरली. सरकारी कारभार अधिक कार्यक्षम कसा होईल हें पाहण्याचें त्यांचें काम. या कार्यक्षमतेच्या तज्ज्ञाला पहिल्या दिवशीं स्वतःची कचेरीच सांपडली नाहीं!

संध्याकाळीं मात्र हौशी मंडळींत नाटकें चालत. शिवाय वेस्टपोर्ट येथें ईव्हा ल गालिएन या थोर अभिनेत्रीचा वर्ग असे. वर्ग धंदेवाईक नटांसाठीं होता. फॉक यांनीं आपण नट आहों असें भासवून प्रवेश मिळविला होता. हार्टफर्डहून मोटार हांकीत येण्यांत त्यांना नेहमीं उशीर होई. एके दिवशीं बाईंनीं कारण विचारलें, तेव्हां आपण नट नाहीं हें त्यांना कबूल करावें लागलें. “मग तुम्ही नट व्हायला हवें,” असें बाई म्हणाल्या. फॉक हार्टफर्डला परतले व त्यांनीं राजीनामा लिहिला. वय २९ च्या घरांत, शिक्षण कारभाराचें, आणि जो धंदा पत्करावयाचा त्यांत चेहरा हेंच भांडवल. कोणत्याहि घरच्या वडीलधाऱ्यांच्या पोटांत गोळा उठावा असाच हा बेत होता.

न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर १९५६ पासून कामें मिळूं लागलीं. ‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ या १९६० च्या चित्रपटांतील मारेकऱ्याच्या भूमिकेनें आणि पुढच्याच वर्षीं फ्रँक काप्रा यांच्या ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’नें त्यांचें नांव ऑस्कर पारितोषिकाच्या यादींत लागोपाठ दोनदां आणलें. पारितोषिक दोन्ही वेळां हुकलें. १९६२ सालीं दूरचित्रवाणीवरील कामाबद्दल एमी पारितोषिक मात्र मिळालें.

पण फॉक हें नांव घराघरांत गेलें तें लेफ्टनंट कोलंबो या भूमिकेमुळें. श्रीलंकेंतील शहराशीं नामसादृश्य असलें तरी हा कोलंबो लॉस एंजल्सचा पोलीस अधिकारी. रिचर्ड लेव्हिन्सन व विल्यम लिंक या लेखकद्वयानें तो निर्माण केला. दोस्तोयेव्ह्स्कीच्या ‘गुन्हा आणि शिक्षा’ या कादंबरींतील तपासाधिकारी त्यांच्या मनांत होता. फॉक यांच्यापूर्वीं बर्ट फ्रीड व टॉमस मिचेल या दोन नटांनीं ही भूमिका केलेली होती. १९६८ सालीं तिच्यावर दूरचित्रवाणीसाठीं चित्रपट निघाला, तेव्हां लेखकांना बिंग क्रॉस्बीसारखा वयस्क नट हवा होता.

एरवींच्या गुप्तहेरकथेंत खुनी कोण हें अखेरपर्यंत झांकून ठेवतात. येथें खून आरंभींच प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत होतो. खुनी बहुधा धनिक, विद्वान, नामांकित : कोणी शल्यविशारद, कोणी वाद्यवृंदाचा संचालक, कोणी कादंबरीकार. मग चुरगळलेला रेनकोट घालून, हातांत सिगार धरून, बायकोच्या गोष्टी सांगत एक अजागळ अधिकारी येतो. (रेनकोट फॉक यांचा स्वतःचा, न्यूयॉर्कमध्यें पावसांत सांपडल्यावर घेतलेला. लॉस एंजल्समध्यें पाऊस फारसा नसतो, याची फिकीर कोणीच केली नाहीं.) निरोप घेऊन तो दारापर्यंत जातो, थबकतो, कपाळाला हात लावतो, आणि आणखी एक लहानशी शंका विचारण्यासाठीं परत फिरतो. ही लकबहि योगायोगाची. मूळ नाटकाचा एक प्रवेश आंखूड पडला. तो पुन्हां टंकलिखित करण्याचा कंटाळा आल्यामुळें लेखकांनीं पात्राला दारांतून परत बोलावलें.

लेखकांनीं एवढें दिलें. दृष्टि फॉक यांची होती. एका डोळ्यानें पाहणारा माणूस मान कलती करतो. त्याची नजर नेमकी कोठें आहे हें समोरच्याला उमगत नाहीं. खुन्याला वाटतें, या वेंधळ्याचें लक्ष भलतीकडेच आहे, आणि तो निर्धास्त होऊन बोलत सुटतो. जो चेहरा चालावयाचा नाहीं म्हणून परत पाठविला होता, त्याच्याच जवळ जाऊन कॅमेरा आतां रेंगाळूं लागला. १९७१ सालीं नियमित मालिका सुरू झाली. तिचा पहिला भाग तरुण स्टीव्हन स्पीलबर्ग यांनीं दिग्दर्शित केला. कोलंबोला खरोखरच एक डोळा आहे काय, यावर कित्येक वर्षें मालिकेंत चकार शब्द नव्हता. १९९७ च्या एका भागांत तो सहकाऱ्याला जवळ बोलावतो आणि सहज म्हणून जातो : एकापेक्षां तीन डोळे बरे.

या भूमिकेनें त्यांना आणखी चार एमी पारितोषिकें दिलीं. मिळालेला पैसा त्यांनीं कोठें घातला हेंहि सांगण्याजोगें आहे. जॉन कॅसावेटीज या मित्राच्या ‘अ वूमन अंडर द इन्फ्लुअन्स’ या १९७४ च्या चित्रपटाला कोणी धनको मिळेना, तेव्हां फॉक यांनीं पदरचा पैसा घातला व पत्नीच्या मनोविकारापुढें हतबल झालेल्या मुकादमाची भूमिकाहि केली. अभिनय पाहावयाचा असेल तर तो तेथें पाहावा. कोलंबोची एकहि लकब त्यांत शोधून सांपडत नाहीं.

कोलंबोचा शेवटचा, एकोणसत्तरावा भाग २००३ सालीं दाखविला गेला. त्यानंतर फॉक यांची स्मृति ढळूं लागली. त्यांच्या देखभालीसंबंधींच्या खटल्यांत २००९ सालीं एका वैद्यानें साक्ष दिली कीं, कोलंबो कोण हेंहि त्यांना आतां आठवत नाहीं. २३ जून २०११ रोजीं बेव्हर्ली हिल्स येथें ते वारले. २०१४ पासून बुडापेस्टमध्यें, फॉक मिक्शा या हंगेरियन गृहस्थांच्या नांवाच्या रस्त्यावर, त्यांचा ब्राँझचा पुतळा उभा आहे : रेनकोट घातलेला, कपाळाशीं हात नेलेला, आणि पायाशीं कोलंबोचा लांब कानांचा कुत्रा.