नवी डिझेल मोटार : सेन्सर, सुटे भाग आणि आपण



गोदाकाठच्या या पटांगणावर आपण धर्म, इतिहास, राजकारण असे थोर विषय ऐकत आला आहात. आजचा विषय तेलकट हातांचा आहे, आणि तो आम्ही मुद्दाम निवडला आहे. समोर बसलेल्यांत निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार आहेत, सातपूर-अंबडचे कामगार आहेत, गंगापूर रोडचे पेन्शनर आहेत. यांपैकी ज्यांनी गेल्या काही वर्षांत डिझेलची नवी मोटार घेतली, त्यांतल्या पुष्कळांस डॅशबोर्डावरच्या त्या पिवळ्या दिव्याची ओळख झालेली असणार. गाडी चांगली चालत असते, आवाज नाही, धूर नाही, आणि एकाएकी दिवा लागतो. मग गाडीचा जोर जातो, कसाऱ्याचा घाट चढता चढत नाही, आणि सर्व्हिस सेंटरातून उत्तर येते, ‘सेन्सर गेला आहे, पार्ट मागवला आहे.’ तो पार्ट कधी येणार, हे मात्र कोणी सांगत नाही.

हा सेन्सर म्हणजे काय, आणि तो गाडीत आला कोठून, हे आधी पाहू. जुन्या डिझेल एंजिनाचा रोग बाहेरून दिसे. काळा धूर आला की मेस्त्री नोझल काढी, पंप पाही. पुढे धुरावर कायद्याची नजर गेली, आणि १ एप्रिल २०२० पासून आपल्या देशात भारत स्टेज सहा हे मान लागू झाले. चारवरून आपण एकदम सहावर गेलो, पाचवी पायरी गाळूनच. डिझेलमधले गंधक दहा लाख भागांत ५० होते ते १० वर आले. डिझेल मोटारीने दर किलोमीटरला सोडावयाच्या नायट्रोजन ऑक्साइडांची मर्यादा २५० मिलिग्रॅमवरून ८० वर आली. २०२३ च्या एप्रिलपासून तर प्रयोगशाळेबाहेर, चालत्या रस्त्यावरही धूर मोजण्याचे बंधन आले. हे सर्व योग्यच झाले. ज्यांच्या नातवंडांना दमा आहे त्यांस हे पटवून द्यावयास नको.

पण एवढी स्वच्छता साधावयाची तर एंजिनाला स्वतःच्या धुराची पदोपदी खबर हवी. सायलेन्सरच्या वाटेवर काजळी धरणारी जाळी बसली. तिच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजणारा एक सेन्सर, उष्णता मोजणारे दोन-तीन, आणि नायट्रोजन ऑक्साइड मोजणारा आणखी एक असा परिवार तिच्या भोवती जमला. काही गाड्यांत युरियाच्या पाण्याची टाकी आली, तिचा पहारेकरी निराळा. हे सगळे जण गाडीतल्या संगणकाला वर्दी देतात, आणि संगणक त्या वर्दीवर डोळे मिटून विश्वास ठेवतो. आजच्या साऱ्या तक्रारीचे मूळ येथे आहे. दिवा लागतो तेव्हा एंजिन बिघडले असेलच असे नाही. वर्दी देणारा बिघडला असेल, किंवा त्याची तार उंदराने कुरतडली असेल.

खोट्या वर्दीने खरे नुकसानही होते. जाळी काजळीने भरली असा निरोप आला की संगणक जादा डिझेल सोडून ती सुमारे सहाशे अंश उष्णतेवर जाळून साफ करतो. दाबाचा सेन्सर चुकीचा आकडा सांगू लागला तर हा उद्योग पुनःपुन्हा होतो, न जळलेले थोडे डिझेल ऑइलमध्ये उतरते, आणि डिपस्टिकवर ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ऑइल वाढले म्हणून आनंद मानणारे एक गृहस्थ आम्हांस भेटले होते! पातळ झालेल्या ऑइलवर एंजिन चालवणे हा महागाचा खेळ आहे. नायट्रोजन ऑक्साइडचा सेन्सर तर फार नाजूक. तो तापलेल्या मातीच्या भांड्यासारखा असतो. पाण्याचा थेंब पडला की तडा.

आमच्या बसण्याउठण्यातल्या एका बागायतदारांची हकीकत सांगतो. गाडी कोणत्या कंपनीची, हे सांगण्याचे कारण नाही. ऐन द्राक्षाच्या हंगामात दिवा लागला. गाडी वॉरंटीत होती. सेंटरने दाबाचा सेन्सर बदलावयास सांगितला, आणि पाच आठवडे गाडी तेथेच उभी राहिली. हे गृहस्थ रोज मजुरांची ने-आण भाड्याच्या जीपने करीत होते. सेन्सर आला, बसला, दिवा गेला. आणि आठव्या दिवशी पुन्हा लागला. अखेर एका वयस्क मेस्त्रीने सेन्सरकडे जाणारी रबरी नळी वाकवून पाहिली, तर तिला केसाएवढी चीर! नळी बदलली, आणि दिवा गेला तो गेला. पाच आठवडे ज्याची वाट पाहिली तो सेन्सर मुळात निर्दोष होता. संगणकाने दिलेला सांकेतिक आकडा हा रोगाचा पत्ता असतो, निदान नव्हे, हे त्या मेस्त्रीस ठाऊक होते. ज्यांच्या हाती महागडे यंत्र होते त्यांस ते ठाऊक नव्हते, किंवा ठाऊक करून घेण्यास सवड नव्हती.

आता भाग उशिरा का येतो? नवे मॉडेल निघाले की त्याचे भाग प्रथम जुळणीच्या पट्ट्यावर जातात. सुट्या विक्रीला उरतील ते. सेंटरवाला महाग सेन्सर फडताळात ठेवून भांडवल अडकवीत नाही. वॉरंटीतला भाग असेल तर वरून मंजुरी यावी लागते. आणि पुष्कळ सेन्सरांच्या पोटातली चिप परदेशातली. २०२० साली टाळेबंदीत मोटार कंपन्यांनी चिपांच्या मागण्या रद्द केल्या, कारखान्यांनी ती जागा फोन व संगणकांना दिली. मार्च २०२१ मध्ये जपानात रेनेसासच्या नाका येथील कारखान्यास आग लागली. आणि जगभर गाड्या अडून पडल्या. तो काळ सरला. पण ‘वरून माल नाही’ हे उत्तर त्या काळात जे तोंडी बसले ते अजून सुटलेले नाही, असा आमचा संशय आहे.

नाशिककरांस हे विशेष टोचावे. सातपूरला डिझेलची नोझल व इंजेक्टर होतात. मायकोची बॉश २००८ साली झाली तरी आपण सर्कलला मायको सर्कलच म्हणतो. २००२ साली बाजारात आलेली स्कॉर्पिओ येथल्याच कारखान्यातली. इगतपुरीला एंजिने होतात. ज्या गावाच्या हातांना डिझेल इतके कळते, त्या गावच्या मेस्त्रीस नव्या गाडीचे कुलूप उघडता येत नाही, कारण किल्ली, म्हणजे निदानाचे यंत्र आणि मूळ भाग, त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. याच कारणासाठी ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांस मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड सांगितला होता. पुढे ते प्रकरण अपिलांत व कोर्टांत गेले. आयोगाने ठेवलेले बोट मात्र नेमक्या जागी होते.

मग गाडीवाल्याने करावे काय? ‘मला नवी गाडीच द्या’ असा हट्ट बहुतेक जण धरतात, आणि तेथेच फसतात. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने एका मोटारीच्या दाव्यात सांगितले की, करार भाग बदलून देण्याचा असेल तर सबंध गाडी बदलून मागता येत नाही. शिवाय उत्पादनातच दोष आहे हे ठरवावयास तज्ज्ञाचा अहवाल लागतो. विलंबाचे तसे नाही. गाडी किती दिवस उभी राहिली, हे कागदावर दिसते, आणि अकारण विलंब ही सेवेतली त्रुटी ठरू शकते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या ग्राहक संरक्षण कायद्यान्वये, ५० लाखांपर्यंत किंमत मोजली असेल तर जिल्हा आयोगाकडे जाता येते. वकील केलाच पाहिजे असे नाही. मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाकडे जाण्यापूर्वी १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

पण कागद हवा. जॉबकार्डावर गाडी दिल्याची तारीख, किलोमीटर, यंत्राने दाखवलेला आकडा आणि भाग मागवल्याची तारीख या चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय किल्ली देऊ नये. ‘साहेब, काळजी करू नका’ हे वाक्य जॉबकार्डावर लिहीत नाहीत! भाग मागवण्याआधी तार, जोडणी, नळी तपासली का, हेही विचारावे. विचारल्याने कोणी रागावत नाही, आणि रागावला तर काहीतरी कळलेच. दर आठवड्यास एक पत्र किंवा ई-मेल टाकावा. काम झाल्यावर काढलेला जुना भाग दाखवावयास सांगावे. आणि एकाच मॉडेलच्या अनेक मालकांस हाच त्रास होत असेल तर प्रत्येकाने सरकारच्या वाहन पोर्टलवर तक्रार करावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ११०-अ खाली, ठरावीक प्रमाणात मालकांनी नोंद केली तर सदोष गाड्या परत बोलावण्याचा हुकूम सरकार देऊ शकते. १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू आहेत. गाडी सात वर्षांच्या आतली असावी. एकट्याची तक्रार तेथे मोजली जाते, पण तीवर हुकूम सुटत नाही.

आमची स्वतःची मागणी आणखी एक आहे. वॉरंटीच्या काळात भागाअभावी गाडी जितके दिवस उभी राहील तितके दिवस वॉरंटीत वाढवून मिळावेत. पाच आठवडे गाडी सेंटरच्या आवारात, आणि वॉरंटीचे घड्याळ मात्र चालू, हा हिशेब कोणत्या वहीतला? ग्राहकांच्या संस्थांनी हा मुद्दा हाती घ्यावा.

जे रोज सिडकोतून शाळेपर्यंत आणि परत एवढीच गाडी फिरवतात, त्यांनी पंधरा दिवसांतून एकदा तरी महामार्गावर ती अर्धा तास सलग, एका वेगाने चालवावी. जाळीस तापावयास वेळ मिळतो आणि निम्मे दिवे लागतच नाहीत. ज्यांचे दिवे आत्ताच लागलेले आहेत त्यांनी आपली जॉबकार्डे आणली असतील तर पुढे यावे. व्यासपीठाखाली उजव्या हातास आम्ही थोडा वेळ बसणार आहोत.