थंडीच्या खात्यावर मांडलेली दुखणी



  डिसेंबर लागला की आपल्या सगळ्यांच्या दवाखान्यांत एकच वाक्य ऐकू येतं : “डॉक्टर, थंडीनं सांधे धरलेत.” निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला की द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात. त्याच दिवसांत कांद्याची रोपं लावणाऱ्या बाया ओल्या वाफ्यात तासन् तास वाकून असतात, आणि वीज रात्रीची म्हणून गव्हाला पाणी भरणारा माणूस रात्रभर गार चिखलात उभा असतो. त्यांचे सांधे दुखतात, यावर शंका घेण्याचा अधिकार कुणालाच नाही. मला बोलायचंय ते त्या वाक्यानंतर आपण काय करतो याबद्दल.

थंडी आणि सांधे यांचं नातं माणसानं फार पूर्वी ताडलं. हिपोक्रेटिसच्या परंपरेत हवापाण्यावर स्वतंत्र ग्रंथ आहे. आपल्या चरकसंहितेनं शीत हा वाताचाच गुण सांगितला. मोजायला गेल्यावर मात्र हे नातं निसटतं. १९९६ साली रेडलमायर आणि ट्व्हर्स्की यांनी आमवाताच्या १८ रुग्णांच्या १५ महिन्यांच्या नोंदी हवामानाशी ताडून पाहिल्या. संबंध दिसला नाही. २००७ साली अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या रुग्णांत पारा उतरला की वेदना थोडी वाढते असं आढळलं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या मँचेस्टर विद्यापीठाच्या पाहणीत अडीच हजारांवर लोकांनी मोबाइलवर रोजची वेदना नोंदवली. दमट, वाऱ्याच्या, कमी दाबाच्या दिवसांत ती किंचित वाढलेली दिसली; नुसत्या तापमानाशी ठळक नातं सापडलं नाही. एक गोष्ट लक्षात ठेवू या : ही माणसं बहुतेक हीटर असलेल्या घरांत राहणारी. कांद्याच्या वाफ्यातल्या बाईला कुणी त्या पाहणीत घेतलं नव्हतं. तिच्याबद्दल ते आकडे शेवटचा शब्द आहेत असं मी मानत नाही.

थंडीत शरीरात काय घडतं, हे बऱ्यापैकी ठाऊक आहे. हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, स्नायू ताठतात, सांध्यातलं वंगण दाट होतं. गारवा ओळखणारा मज्जातंतूंवरचा ग्राहक डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पटापुटियन यांनी २००२ साली स्वतंत्रपणे शोधला. २०२१चं नोबेल या दोघांना स्पर्श आणि तापमानाच्या संशोधनासाठीच मिळालं. गाऊटमध्ये तर थंडीचा हात थेट आहे. युरिक आम्लाचे क्षार गारव्यात कमी विरघळतात, म्हणून शरीराच्या सर्वांत गार टोकाला, पायाच्या अंगठ्यात, त्यांचे स्फटिक आधी जमतात. पण एवढं सगळं मान्य करूनही एक गोष्ट ठामपणे सांगते. थंडी सांधा दुखवते, सांधा खात नाही. सांधा खाणारा आजार वेगळा असतो, आणि थंडीच्या दिवसांत तो आपल्या नजरेसमोरून निघून जातो.

आमवाताची, म्हणजे ऱ्हुमटॉइड आर्थ्रायटिसची, सूज पहाटे चढते. इंटरल्युकिन-सहा सारखी दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात त्याच वेळी सर्वाधिक असतात. चोवीस तासांतली सर्वांत गार वेळही सूर्योदयाच्या आसपासचीच. रुग्णाला दोन्ही एकदमच जाणवतात. बोटं वळत नाहीत, पेला धरवत नाही, बाहेर धुकं असतं. तिनं थंडीला दोष दिला तर त्यात तिचं काय चुकलं? ऊन चढेल तसे हात मोकळे होतात आणि तिची खात्रीच पटते. चूक होते ती आपल्या टेबलाच्या या बाजूला, जेव्हा आपणही मान डोलावतो आणि “संक्रांत होऊ द्या, ऊन वाढलं की बरं वाटेल” असं सांगून वेदनाशामक लिहून देतो. संक्रांत जाते, होळी जाते. या आजारात पहिले तीन ते सहा महिने सोन्याचे असतात. त्या काळात योग्य औषध सुरू झालं तर सांधा वाचण्याची शक्यता कितीतरी जास्त. आणि नेमके तेच महिने आपण हवामानाला देऊन टाकतो.

पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा यांनी १९९६मध्ये भिगवणला घरोघरी जाऊन केलेली पाहणी आपल्यापैकी अनेकांना माहीत असेल. ४,०९२ प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडा-सांध्यांची, स्नायूंची तक्रार होती. आमवात होता अर्ध्या टक्क्याला. अर्धा टक्का ऐकायला किरकोळ वाटतो. दहा हजार प्रौढांच्या बाजारपेठेच्या गावात ती पन्नास माणसं होतात. त्यांतल्या बहुतेक बाया, ऐन कामाच्या वयातल्या.

आपण चुकलो की ही माणसं पुडीवाल्याकडे जातात. बिननावाच्या त्या पुडीत अनेकदा स्टिरॉइड असतं. दोन दिवसांत आराम पडतो, म्हणून गावभर बोलबाला होतो. पुढे चेहरा सुजतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर जिवावर बेततं. रुग्णावर रागावण्याआधी तिला आपल्याकडून काय मिळालं ते आठवावं, एवढीच माझी विनंती आहे.

म्हणून या हिवाळ्यात “थंडीनं दुखतंय” असं ऐकलं की एक प्रश्न विचारा : “उन्हाळ्यात सकाळी उठल्यावर कसं असतं?” चैत्र-वैशाखातही हात उघडायला अर्ध्या तासाहून जास्त लागत असेल, तर थंडीला मोकळं सोडा. दुखणं याच हिवाळ्यात सुरू झालं असेल, तर उन्हाळ्याची वाट न पाहता हात तपासा. बोटांच्या मुळाशी चारही सांधे आडवे धरून हलकेच दाबा. ती कळवळली, तर ईएसआर, सीआरपी, आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी करून घ्या. आरए फॅक्टर निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं होत नाही. मेथोट्रेक्सेट महाग औषध नाही. फक्त ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. वार चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि घरच्या माणसाकडून वदवून घ्या, कारण रोज घेतलं तर ते प्राणघातक ठरतं.

झिजेच्या गुडघ्यांबद्दल फिजिओथेरपिस्ट मित्रांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. तिथं थंडीचं खरं नुकसान म्हणजे माणूस चालायचा थांबतो, मांड्यांचे स्नायू ढिले पडतात आणि सगळा भार सांध्यावर येतो. पहाटेचं फिरणं नऊच्या उन्हात न्या, बंद करू नका. शेक जरूर द्या, तिळाचं तेल चोळा, शेकलेली रुईची पानं बांधायची तर चीक डोळ्यात जाणार नाही एवढं बघा. मधुमेहाच्या बधिर पायांवर मात्र गरम पिशवी ठेवू देऊ नका. पोळलेलं त्यांना कळत नाही.

दुपारच्या सत्रात हात तपासण्याचं प्रात्यक्षिक ठेवलं आहे. आसपासच्या गावांतल्या काही रुग्ण भगिनी त्यासाठी मुद्दाम आल्या आहेत आणि आपले हात दाखवायला तयार आहेत. जेवणानंतर कुणी निघून जाऊ नये. त्यांच्या बोटांच्या मुळाशी आपला हात एकदा लागला पाहिजे.