हरणांच्या घरी



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. भाषणाची मला सवय नाही. पण आपल्या सहलीत माझ्या हातून एक चूक घडत होती, ती सांगावी म्हणून उभी राहिले आहे.

गेल्या थंडीत आपण मुलाबाळांसह सागरेश्वरला गेलो. सांगली जिल्ह्यातला हा डोंगर एके काळी उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, गावकऱ्यांची साथ मिळाली, झाडे लावली गेली, हरणे आणून सोडली गेली आणि १९८५ साली अभयारण्य झाले. जवळचे देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. त्यांचेच नाव अभयारण्याला दिले आहे. क्षेत्र म्हणाल तर ११ चौरस किलोमीटरांहूनही थोडे कमी. माणसांनी हातांनी उभे केलेले हे रान आहे.

आपण आधी सागरेश्वराचे दर्शन घेतले, मग डोंगर चढलो. वरून कृष्णाकाठचे हिरवेगार ऊस पाहून सगळ्यांचा शीण गेला. मुलांनी चितळ, सांबर, काळवीट पाहिले. चितळ-सांबराच्या नराची शिंगे झडून पुन्हा नवी येतात आणि काळविटाची पिळदार शिंगे मात्र जन्मभराची असतात, हे मलाही तिथेच कळले.

एक चितळाची मादी जाळीजवळ आली. काय ते डोळे! माझ्या डब्यात दशम्या होत्या. धाकट्याला म्हटले, "दे रे तिला." तो हात पुढे करणार, तोच तिथला रखवालदार म्हणाला, "नको मावशी, त्यांना काही घालू नका."

चारचौघींत बोलला, म्हणून मला राग आला. दारी आलेल्याला घासभर देऊ नये, हे कुठले शास्त्र? परत येताना मी गाडीत कुणाशी बोलले नाही.

रात्री अंथरुणावर पडल्यावर माहेरची कपिला आठवली. माझ्या थोरल्या बहिणीच्या लग्नात उरलेला भात आम्ही मुलींनी मायेने तिच्यापुढे पाटीभर ओतला. तिचे पोट फुगले आणि दुसऱ्या दिवशी ती गेली. वडील रागावले नाहीत, नुसते गोठ्यात बसून राहिले. हरीणही गाईसारखेच रवंथ करणारे. त्याचे पोट पाला-गवताचे; आपल्या पिठा-गुळाचे नव्हे.

आणखी एक गोष्ट. आज आपण घास दिला की उद्या ते जनावर माणसाला भिणार नाही. मग रस्त्यावर येईल, कुत्र्यांच्या तावडीत सापडेल, शेतात शिरेल. कुंपणाबाहेर पडलेली हरणे पिके खातात, तेव्हा नुकसान त्या शेतकऱ्याचे होते. आपण तर हौस करून कोल्हापूरला परत आलेले असतो.

म्हणून भगिनींनो, माझे एवढेच मागणे आहे. पुढच्या सहलीला फराळ जरूर न्यावा, पण तो आपण खावा. प्लॅस्टिकच्या पिशव्या मोजून न्याव्यात आणि मोजूनच परत आणाव्यात. मुलांना आरडाओरडा करू देऊ नये. आपण त्यांच्या घरी पाहुण्या. पाहुणीने यजमानाच्या चुलीत लुडबूड करू नये.

त्या रखवालदाराचे आभार मानायचे राहून गेले. ते आज इथे मानते आणि आपली रजा घेते.