कोण बोललं ते कळू द्या



तुम्ही पाठवलेल्या गोष्टी आम्ही इथे स्टुडिओत वाचतो, तेव्हा एकीचं बोलणं एक जण वाचते, दुसरीचं दुसरी. आवाजावरूनच कळतं कोण बोलतंय. तीच गोष्ट छापली की आवाज जातो, नुसते शब्द उरतात.

समजा, माहेरी आलेली बहीण आहे, वहिनी आहे आणि मधे हक्कसोडपत्राचा कागद. २००५ च्या दुरुस्तीपासून हिंदू वारसा कायद्यात लेकीला वडिलोपार्जित मिळकतीत लेकाइतकाच हक्क आहे, तो सोडून देण्याचा हा कागद.

"सही करून टाका."

"कागद वाचल्याशिवाय नाही."

"आमच्यावर विश्वास नाही का?"

कागद वाचायला कोण मागतंय? वाचणारीने उलटं धरलं, तर जिचा वाटा जाणार तीच सहीची घाई करतेय असं होईल. सगळी गोष्टच फिरली!

वहिनीच्या जागी भाऊ असता तर मराठीने आपसूक मदत केली असती. 'मी वाचतो', 'मी वाचते', एका मात्रेत माणूस कळतो. पण इथे दोघीही 'ती' आणि दोघीही 'म्हणाली'. अशा वेळी नात्याची हाक कामाला येते.

"ताई, सही करून टाका."

"वहिनी, कागद वाचल्याशिवाय नाही."

झालं. पुढची तीन-चार वाक्यं नुसती लिहिली तरी चालतात, फक्त प्रत्येकीचं बोलणं नव्या ओळीवर घ्या. दर वाक्याला 'ताई', 'वहिनी' मात्र नको. घरात असं कोणी बोलत नाही.

हातातलं कामही नावाची जागा घेतं. 'वहिनीने पेनाचं टोपण काढलं,' असं लिहून त्याच ओळीत तिचं बोलणं घातलं की पुरे. त्या ओळीत बहिणीचं वाक्य घुसवलंत, की पुन्हा घोटाळा.

'म्हणाली' फार वेळा येतं म्हणून काही जणी 'उद्गारली', 'उत्तरली', 'वदली' लिहितात. कशाला? 'म्हणाली'वर कोणी अडत नाही, 'वदली'वर हमखास अडतं.

आणि आई स्वयंपाकघरातून बाहेर आली की सावध व्हा. "अगं, भाऊ काय परका आहे?" हे आई म्हणाली, असं लिहाच. त्याच्या पुढचं वाक्य कोणाचं, तेही लिहा, कारण दोघींची पाळी आता मोडली. 'ते म्हणाले' तर त्याहून फसवं: वडील, नवरा, की तलाठी?

लिहून झालं की शेजारणीला मनातल्या मनात वाचायला द्या आणि तिच्याकडे बघत बसा. जिथे तिची नजर मागच्या ओळीवर जाईल, तिथे नाव घाला.