जोडी की प्रतिबिंब?

(राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त गोंदिया येथे शिक्षक व पंचायत सदस्यांपुढे केलेले भाषण)



आपल्या जिल्ह्यात तलावाकाठी व धानाच्या बांध्यांत सारस पक्षी जोडीने वावरतात. पहाटेच्या धुक्यात दुरून दोन आकृती दिसल्या, तर ती जोडी आहे की एकाच पक्ष्याचे पाण्यातील प्रतिबिंब, हे जवळ गेल्याविना कळत नाही. खगोलशास्त्रज्ञांपुढेही असाच प्रश्न उभा राहतो. त्यांना मात्र जवळ जाता येत नाही.

काही दीर्घिकांच्या केंद्रस्थानी महाकाय कृष्णविवर असते. त्याकडे ओढला जाणारा वायू तापून इतका उजळतो की, ते केंद्र साऱ्या दीर्घिकेहून तेजस्वी दिसते. अशा अतितेजस्वी केंद्रास क्वेसार म्हणतात. दोन दीर्घिका एकमेकींत मिसळताना दोन्ही केंद्रे एकाच वेळी प्रज्वलित होऊ शकतात. विश्वाच्या बाल्यावस्थेत दीर्घिका कशा वाढल्या, हे जाणण्यासाठी अशा जोड्यांचा शोध महत्त्वाचा ठरतो.

१९७९ साली शेजारी शेजारी दोन क्वेसार आढळले. त्यांचे वर्णपट जवळजवळ एकसारखे निघाले. वस्तुतः क्वेसार एकच होता. वाटेतील दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने त्याचे दोन देखावे निर्माण केले होते. याउलट, २०२४ मध्ये जपानचे योशिकी मात्सुओका व त्यांचे सहकारी यांनी सुबारू दुर्बिणीच्या छायाचित्रांत दिसलेल्या दोन अंधुक लाल ठिपक्यांची छाननी प्रसिद्ध केली. दोहोंमध्ये वायूचा सेतू आढळला. जोडी खरी ठरली. तो प्रकाश निघाला तेव्हा विश्वाचे वय अवघे ९० कोटी वर्षे होते.

या संशोधनक्षेत्रात महाराष्ट्रही मागे नाही. नारायणगावजवळील खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण चालविणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातील प्रीती खरब व धरम वीर लाल यांनी २०१७ साली डेव्हिड मेरिट यांच्यासह एनजीसी ७६७४ या तुलनेने जवळच्या दीर्घिकेत कृष्णविवरांची संभाव्य जोडी असल्याचे मांडले. पुढे इतर संशोधकांनी फेरतपासणी करून त्यावर शंका घेतली. यात कोणाचाही उणेपणा नाही. पुराव्यानिशी मांडावे आणि इतरांना तपासू द्यावे, हीच विज्ञानाची रीत आहे.

वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे आपल्या संविधानाने सांगितलेले मूलभूत कर्तव्य होय. शाळेत असो वा ग्रामसभेत, एखादी गोष्ट कानावर आली की, “हे कशावरून?” असे नम्रपणे विचारण्याची सवय मुलांना लागली, तर आजचा दिवस सार्थकी लागला असे मी मानीन.