आधी पाय दाखवा

शुगर किती असावी, भात खावा का, गोळी कधी घ्यावी, हे तुम्ही पुष्कळ ऐकलं आहे. आज मी फक्त पायांबद्दल बोलणार आहे.

रामनवमी जवळ आली की मुंबईहून घोटी-सिन्नरच्या वाटेने पालख्या शिर्डीला येतात. चैत्राचं ऊन, तापलेलं डांबर आणि कितीतरी पाय अनवाणी. त्यात जुनी शुगर असलेलेही असतात. तळवे बधिर झालेल्यांना ना चटका कळतो, ना फोड.

वेदना हा शरीराचा राखणदार आहे. उसाचा राखणदार झोपला की डुकरं आत शिरून फड लोळवतात, बांधावरून मात्र सगळं हिरवंगार दिसतं. वर्षानुवर्षं वाढलेली साखर आधी या राखणदारालाच झोपवते. मग खडा, काटा, चटका, सगळ्यांना रान मोकळं! म्हणून पाय दुखत नाही म्हणजे पाय बरा आहे, असं समजू नका. पुन्हा सांगतो, न दुखणाऱ्या पायाचीच जास्त काळजी करा.

शिर्डीकरांना भागोजी शिंदे ठाऊक आहेत. स्वतःला कुष्ठरोग असताना ते साईबाबांच्या भाजलेल्या हाताला पट्टी बांधत. कुष्ठरोगातही हाच राखणदार झोपतो. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की रुग्णाची बोटं आपोआप झडत नाहीत, न कळलेल्या जखमा ती नेतात. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ रबराची एमसीआर चप्पल आज मधुमेहींचेही पाय सांभाळते.

शिर्डीत साईबाबा संस्थानची रुग्णालयं आहेत, लोणीला प्रवरेचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून खेड्यांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. वजनाला किरकोळ बाळाच्या अंगातही चरबी जास्त असते, असं त्यांना आढळलं. म्हणजे बारीक अंगाच्यालाही शुगर होऊ शकते, तेव्हा ‘मी काटक, मला कशी शुगर होईल?’ हे सोडा. रुग्णालयं असली तरी आपल्या भागासाठी मधुमेहाचं स्वतंत्र केंद्र व्हावं, असं मला मनापासून वाटतं. तिथे संशोधन होऊ दे, यंत्रं येऊ देत. पण आलेल्या माणसाला पहिल्यांदा एवढंच सांगावं, चपला काढा, पाय दाखवा. दहा ग्रॅम दाबाचा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकवून ‘कळतंय का?’ विचारायचं. काही मिनिटांचं काम, तेही अनेकदा होत नाही!

शुगर असेल तर नवस असला तरी पालखीत अनवाणी निघू नका. मुक्कामावर पाय शेकायला गरम पाणी घेऊ नका. रोज रात्री तळवे आरशात पाहा, नजर अधू असेल तर सुनेला, नातवाला पाहायला सांगा. कुरूप ब्लेडने कापू नका. फोड दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. आणि नखं... वेळ झाली, तरी सांगतो, सरळ कापा, कोपरे कोरू नका.